सरकता स्विच गेला आणि बटण आले, तेव्हा नेमके काय गेले?

प्रश्नकर्त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे. त्यांच्या जुन्या फोनच्या कडेला आवाज बंद-चालू करण्याचा सरकता स्विच होता. नव्या फोनवर त्या जागी एक बटण आहे आणि त्याला टॉर्च, कॅमेरा, रेकॉर्डिंग, भाषांतर किंवा सायलेंट यांपैकी पाहिजे ते काम नेमून देता येते. एका कामाच्या जागी अनेक कामांची सोय झाली, तरी स्विच गेल्याची रुखरुख जात नाही. ती निव्वळ सवयीची आहे की तिच्यामागे काही कारण आहे, आणि पुढचा फोन निवडताना या गोष्टीला किती महत्त्व द्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

हातात धरायच्या उपकरणांच्या कळा, स्विच आणि त्यांचे संकेत वाचणारे फर्मवेअर (उपकरणाच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर) यांवर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की ही रुखरुख सवयीची नाही. स्विच आणि बटण फोनच्या एकाच कडेवर बसत असले, तरी त्यांची जात वेगळी आहे. स्विच स्थिती धरून ठेवतो, तर बटण फक्त निरोप पोहोचवते. स्विच पुढे सरकवला की तो पुढेच राहतो, आणि तासाभराने बोट फिरवले तरी तो कुठे आहे हे बोटाला कळते. बटण दाबून सोडले की स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पहिल्या जागी येते आणि आपण काय केले याची कोणतीही खूण त्याच्या अंगावर उरत नाही. ती खूण मग पडद्यावरच्या एखाद्या चिन्हात शोधावी लागते, म्हणजे फोन बाहेर काढून पाहावा लागतो.

हा फरक यंत्राच्या पोटातही तसाच पाळलेला असतो. अँड्रॉइड ज्या लिनक्स या मूळ प्रणालीवर उभे आहे, त्याच्या इनपुट व्यवस्थेत कळांसाठी आणि स्विचसाठी घटनांचे दोन वेगळे प्रकार आहेत. कळेच्या बाबतीत ‘दाबली’ आणि ‘सोडली’ एवढ्या बातम्या पुरतात. स्विचच्या बाबतीत ‘आत्ता तू कुठे आहेस?’ हे केव्हाही विचारण्याची सोय ठेवावी लागते, कारण फोन पूर्ण बंद असतानाही कोणी तो सरकवू शकते आणि फोन चालू झाल्यावर सॉफ्टवेअरने सर्वांत आधी स्विचची खरी जागा वाचून घेणे भाग असते. हे वाचन विसरले गेले तर स्विच सायलेंटवर आणि फोन मात्र वाजतो आहे, असा विसंवाद घडतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका नमुना उपकरणावर हीच चूक माझ्या हातून राहिली होती. बटणाच्या विचाराने लिहिलेले फर्मवेअर मी स्विचला जोडले होते, आणि ते फक्त बदलाची वाट पाहत बसत असे. तेव्हापासून कोणताही आराखडा समोर आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की इथे स्थिती धरायची आहे की निरोप द्यायचा आहे.

आता खिशातला प्रसंग घ्या. सभागृहात किंवा रुग्णाच्या खोलीत शिरताना हात खिशात जातो. त्या वेळी माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: फोन आत्ता वाजणार आहे की नाही हे कळावे, वाजणार असेल तर तो गप्प करता यावा, आणि तो गप्प झाला याची खात्री पटावी. स्विचवर अंगठा फिरवण्याच्या एकाच हालचालीत ही तिन्ही कामे होतात. बटणावर पहिल्या प्रश्नाचे उत्तरच मिळत नाही. दुसरे काम होते, पण अर्धवट. तिसऱ्यासाठी फोनने दिलेल्या थरथरीवर विश्वास ठेवावा लागतो किंवा पडदा पाहावा लागतो.

दुसरे काम अर्धवट का, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण माझ्या मते स्विच आणि बटण यांच्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा फरक इथेच आहे. स्विचला दिलेली आज्ञा निरपेक्ष असते. ‘मागे ओढ’ म्हणजे सायलेंट. फोन आधीपासूनच सायलेंट असेल तर स्विच मागेच आहे असे बोटाला लागते आणि काहीही बिघडत नाही. बटणाला दिलेली आज्ञा सापेक्ष असते. ‘आत्ता जे असेल त्याच्या उलट कर’ एवढेच त्याला सांगता येते. म्हणून फोनची आधीची स्थिती माहीत नसेल तर खबरदारी म्हणून दाबलेले बटणच गप्प असलेला फोन वाजता करू शकते. खबरदारी घेणाऱ्यालाच शिक्षा व्हावी, असा हा आराखडा आहे. चाचणीच्या वेळी मी लोकांना निरखतो, तेव्हा बटणाच्या फोनवर ते दाबतात, थबकतात, फोन बाहेर काढतात, बघतात आणि कित्येकदा पुन्हा दाबतात. त्या थबकण्याला मी फार महत्त्व देतो, कारण उपकरणाने न दिलेली माहिती माणूस त्या क्षणी स्वतःच्या आठवणीतून भरून काढत असतो.

संगणकाच्या कळफलकावर याचेच जुने उदाहरण आहे. शिफ्टची कळ धरून ठेवली असेपर्यंतच मोठी अक्षरे उमटतात. बोट तिच्यावर असल्यामुळे ती चालू आहे हे शरीरालाच माहीत असते. कॅप्स लॉक एकदा दाबून सोडले की ते चालू असल्याचे बोटाला कळत नाही आणि ओळभर मजकूर चुकीचा उमटल्यावर लक्षात येते. एकाच कृतीचा अर्थ यंत्राच्या अदृश्य अवस्थेनुसार बदलणे, याला आमच्या क्षेत्रात मोडची चूक म्हणतात. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात आणि नंतर ॲपलमध्ये काम केलेल्या लॅरी टेस्लर या संगणकतज्ज्ञाने असे अदृश्य मोड नसावेत यासाठी आयुष्यभर आग्रह धरला, इतका की त्याच्या गाडीच्या नंबर प्लेटवरही ‘नो मोड्स’ हीच अक्षरे होती. सायलेंटचे काम बटणाकडे देणे म्हणजे शिफ्टसारखी उघड असलेली गोष्ट कॅप्स लॉकसारखी झाकून टाकणे होय.

मग स्विच निर्दोष आहे का? तसे मुळीच नाही, आणि स्विचच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही बाजू प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. २००७ सालच्या पहिल्या आयफोनपासून कडेला रिंग-सायलेंट स्विच होता. मागे सरकवला की आत नारिंगी पट्टी दिसे. त्याचा अर्थ ‘सर्व आवाज बंद’ असा पुष्कळांना वाटत असे; प्रत्यक्षात गजर आणि सुरू केलेले संगीत त्यातून मुद्दाम वगळलेले होते. १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या मैफलीत संगीतकार मालर यांच्या नवव्या सिंफनीच्या अगदी हळुवार शेवटच्या भागात पुढच्या रांगेतून आयफोनचा मरिम्बाचा सूर वाजू लागला आणि संचालक ॲलन गिल्बर्ट यांना वादन थांबवावे लागले. त्या श्रोत्याने फोन सायलेंटवर ठेवलेला होता. वाजला तो गजर होता. या प्रसंगानंतर स्विचने गजरही बंद करावा की नाही यावर बराच वाद झाला. माझे मत गजर वाजावा या बाजूचे आहे, कारण रात्री फोन सायलेंट ठेवून सकाळी गजरावर विसंबणारे लोक त्या सभागृहातल्या प्रसंगापेक्षा कितीतरी अधिक आहेत. तरीही त्या श्रोत्याची चूक होती असे मी म्हणणार नाही. त्याच्या बोटाला जे कळत होते ते खरे होते. त्या खुणेचा अर्थ किती दूरवर जातो हे मात्र खुणेवर लिहिलेले नव्हते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. स्विचला स्वतःहून हलता येत नाही. फोनचे सॉफ्टवेअर मात्र आता वेळापत्रकाने, जागेवरून, मनगटावरच्या घड्याळाच्या सांगण्यावरून स्वतःच शांत होते आणि स्वतःच जागे होते. रात्री ११ वाजता फोन आपोआप शांत झाला आणि स्विच ‘रिंग’वरच राहिला, तर स्विच खोटे बोलू लागतो, आणि खोटे बोलणारा स्विच मुका असलेल्या बटणापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर आपण विश्वास ठेवलेला असतो. यावर निर्मात्यांकडे दोनच मार्ग उरतात. एक तर ती स्थिती बदलण्याचा अधिकार फक्त स्विचला द्यायचा आणि पडद्यावर तसा पर्यायच ठेवायचा नाही. आयफोनवर पुष्कळ वर्षे जवळपास हाच मार्ग होता आणि म्हणूनच तो स्विच विश्वासार्ह राहिला. किंवा मग स्थिती पूर्णपणे सॉफ्टवेअरच्या ताब्यात द्यायची आणि कडेवर फक्त निरोप देणारे बटण ठेवायचे. आपोआप बदलणाऱ्या गोष्टी जसजशा वाढल्या, तसतसा दुसरा मार्ग निर्मात्यांना सोयीचा वाटू लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोवर स्विच जाऊन ॲक्शन बटण आले, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. वनप्लसने २०१५ साली वनप्लस २ या फोनवर आवाजासाठी अलर्ट स्लायडर नावाचा तीन टप्प्यांचा सरकता स्विच दिला होता आणि तो पुढे त्या कंपनीची ओळख बनला. २०२५ मध्ये वनप्लस १३एसपासून त्याच्या जागी प्लस की हे नेमून देता येणारे बटण आले.

यंत्ररचनेचीही कारणे आहेत आणि ती बनावट नाहीत. सरकत्या स्विचला कडेत लांबट खाच लागते; तिच्यातून धूळ आणि ओलावा आत जाऊ नये म्हणून सरकणाऱ्या भागाभोवती बंदोबस्त करावा लागतो, आणि सरकणारी वस्तू जलरोधक करणे दाबल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा कठीण असते. बटणाच्या दांड्याभोवती रबराचे लहानसे कडे पुरते. तीन टप्प्यांच्या स्लायडरमध्ये दोन टप्प्यांच्या मधली, कुठेच न टेकलेली अवस्था येते. तिच्यात स्विच अडकला तर काय समजायचे हे फर्मवेअरला ठरवून द्यावे लागते. काही ठिकाणी धातूच्या घासणाऱ्या संपर्काऐवजी चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबकाची जागा ओळखणारा भाग) वापरून झीज टाळता येते, पण त्याला जागा अधिक लागते. कव्हरच्या बाबतीतही तेच आहे. बटणावरून कव्हरचा फुगवटा गेला तरी ते दाबता येते. स्विचसाठी कव्हरला भोक ठेवावे लागते आणि जाड कव्हरच्या खोल भोकात बोट नीट पोहोचत नाही. हा सगळा भार पाहिला की एखाद्या अभियंत्याने त्या जागेत बॅटरी किंवा अँटेना बसवावी असे म्हणणे मला समजू शकते. मात्र हे निर्मात्याच्या सोयीचे कारण आहे. ते वापरणाऱ्याच्या सोयीचे म्हणून सांगितले जाते, तेव्हा मला वाईट वाटते.

आता बटणाची बाजू. नेमून देता येणारे बटण ही नवी कल्पना नाही. १९९६ साली आलेल्या पाम पायलट घराण्याच्या हातसंगणकांवर खाली चार बटणे असत: दैनंदिनी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे. ती सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या कामांना लावता येत, पण बटणावरचे चित्र अर्थातच जुनेच राही. ब्लॅकबेरीच्या फोनवर कडेला कन्व्हीनियन्स की नावाच्या कळा असत आणि त्यांना कोणते ॲप उघडायचे ते मालक ठरवे. ज्यांनी त्या वापरल्या त्यांना आठवत असेल की एकदा हाताला बसल्यावर त्या कळा किती उपयोगी पडत. याचे कारण त्यांच्याकडे दिलेली कामे कृतीची होती. ॲप उघडणे, फोटो काढणे, बोलणे टिपून घेणे, टॉर्च लावणे ही कामे ‘कर’ या आज्ञेने सुरू होतात आणि त्यांचा परिणाम लगेच डोळ्यांना किंवा कानांना कळतो. टॉर्च लागली आहे की नाही हे बटणाला विचारावे लागत नाही, उजेडच सांगतो. म्हणून टॉर्च ही उलट-सुलट होणारी स्थिती असूनही बटणावर चांगली चालते, आणि सायलेंट चालत नाही, कारण शांततेला स्वतःची खूण नसते. फोन गप्प आहे हे तो न वाजल्यावरच कळते, आणि न वाजण्याची परीक्षा आधी घेता येत नाही.

नेमून देता येणाऱ्या बटणाची खरी किंमत वेळेत मोजली जाते. बटण कोणत्याही कामाला लागू शकत असल्यामुळे चुकून दाबले गेल्यास काहीही घडू शकते. म्हणून ते धरून ठेवावे लागते. आयफोनच्या ॲक्शन बटणाला नुसते टोचले तर ते काम न करता ‘धरून ठेवा’ एवढी सूचना दाखवते. अँड्रॉइडमध्ये ‘दीर्घ दाब’ मानण्याची नेहमीची मर्यादा सुमारे ४०० मिलिसेकंद आहे. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटतो, पण हातातून निसटू पाहणाऱ्या क्षणाचा फोटो घेताना तो जाणवतो. त्याच बटणाला एकदा दाबणे आणि दोनदा दाबणे अशी दोन कामे दिली की आणखी एक गोष्ट होते: पहिला दाब आल्यावर दुसरा येतो आहे का, हे पाहण्यासाठी फोनला थांबावे लागते. पडद्यावर दोनदा टिचकी मारण्यासाठी अँड्रॉइडने ठरवलेली मुदत ३०० मिलिसेकंद आहे. बटणावर थांबावे लागते तेही साधारण याच मापाचे. म्हणजे दुसऱ्या कामाची सोय केल्याची शिक्षा पहिल्या कामाला प्रत्येक वेळी भोगावी लागते. यावर एक चांगला तोडगा पॉवर बटणावर पाहायला मिळतो. दोनदा दाबून कॅमेरा उघडण्याची सोय असलेल्या अँड्रॉइड फोनवर पहिल्या दाबाला पडदा ताबडतोब उजळतो किंवा मालवतो आणि दुसरा दाब आला तर त्यावर कॅमेरा उघडतो. पहिली कृती निरुपद्रवी असल्यामुळे तिला थांबवण्याची गरज पडत नाही. बटणाला दोन कामे देताना हा हिशेब जो करतो, त्याचे बटण चपळ वाटते.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र माझा कल स्वतंत्र, एकाच कामाच्या बटणाकडे आहे, आणि याचे कारण स्थितीचे नसून बोटाच्या संवेदनेचे आहे. सोनीच्या एक्सपीरिया मालिकेतील पुष्कळ फोनवर दोन टप्प्यांचे शटर बटण आहे: अर्धे दाबले की फोकस लागतो, पूर्ण दाबले की फोटो निघतो. या बटणाच्या खाली बसवलेली रचनाच त्या दोन टप्प्यांसाठी घडवलेली असते. कोणत्याही कामाला लागणाऱ्या बटणाला असा दुसरा टप्पा असून उपयोग नाही, कारण टॉर्चला ‘अर्धे’ काही नसते. विंडोज फोन ७ च्या काळात, २०१० साली, मायक्रोसॉफ्टने प्रत्येक फोनवर कॅमेऱ्याचे बटण असलेच पाहिजे अशी अट ठेवली होती आणि फोन कुलूपबंद असतानाही ते दाबून कॅमेरा उघडता येई. २०२४ मध्ये आयफोन १६ वर कॅमेरा कंट्रोल हे कॅमेऱ्याचे बटण आले, तेव्हा त्यात दाबाचा आणि स्पर्शाचा असे दोन सेन्सर होते; बोट सरकवून झूम बदलता येई, पण अर्ध्या दाबावर फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतल्या उजेडाचे प्रमाण) रोखून धरण्याची सोय डिसेंबर २०२४ च्या आयओएस १८.२ या ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये आली. एका बटणात दाबणे, अर्धे दाबणे, हलके दोनदा दाबणे आणि सरकवणे इतके मावते खरे, पण फोटो काढणाऱ्याच्या बोटाला शेवटी तो दुसरा टप्पाच हवा असतो.

बटण ‘हवे ते’ करते असे म्हणताना ‘हवे ते’ कोणाला, हेही विचारायला हवे. २०१७ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी एस८ वर बिक्सबी या सहायकासाठी वेगळे बटण आले. बटण मालकाच्या हातात होते, पण त्याचे काम कंपनीने ठरवलेले होते आणि ते बदलण्याची अधिकृत सोय नव्हती. लोकांनी बाहेरची ॲप लावून ते बदलण्याचे प्रयत्न केले. २०१९ मध्ये एस१० बरोबर सॅमसंगने त्यावर दुसरे ॲप उघडण्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षी नोट १० मधून ते बटणच निघून गेले. यावरून मी फोन पाहताना एक गोष्ट नेहमी तपासतो. सेटिंगमधील यादीत स्वतःचे ॲप किंवा स्वतः बांधलेला शॉर्टकट निवडता येतो का, आणि ‘काहीही करू नको’ असा पर्याय आहे का? हा शेवटचा पर्याय नसेल तर ते बटण आपले नाही.

या संदर्भात आयपॅडची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते. एप्रिल २०१० मध्ये आलेल्या पहिल्या आयपॅडच्या कडेचा सरकता स्विच पडद्याचे फिरणे रोखण्यासाठी होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयओएस ४.२ आले आणि तोच स्विच रातोरात आवाज बंद करण्याचा झाला. अंथरुणात एका कुशीवर पडून वाचणाऱ्यांचा हात स्विचकडे जाई आणि पडदा फिरतच राही. नाराजी इतकी होती की मार्च २०११ च्या आयओएस ४.३ मध्ये सेटिंगमध्ये निवड ठेवावी लागली: हा स्विच फिरणे रोखील की आवाज बंद करील, हे मालकाने ठरवावे. म्हणजे स्विच स्विचच राहिला, स्थिती धरून ठेवण्याचा त्याचा गुण शाबूत राहिला आणि अर्थ मात्र निवडता आला. नेमून देण्याची मुभा आणि स्थितीची खूण या दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रू नाहीत, याचा हा पुरावा आहे. दुर्दैवाने २०१४ च्या आयपॅड एअर २ मध्ये तो स्विचच काढून टाकला गेला. त्यानंतर मला समाधान वाटले ते २०२५ च्या फेअरफोन सहाव्या पिढीच्या कडेला असलेला ठळक रंगाचा स्लायडर पाहून. तो सरकवला की फोन मोजक्या ॲपच्या साध्या रूपात जातो आणि मागे ओढला की पूर्ववत होतो. फोन आत्ता कोणत्या रूपात आहे, हे टेबलावर पडलेल्या फोनकडे लांबून पाहूनही कळते.

काही ठिकाणी स्विचला पर्यायच नाही. प्युरिझमच्या लिब्रेम ५ या फोनवर कॅमेरा-मायक्रोफोन, वाय-फाय-ब्लूटूथ आणि मोबाइल नेटवर्क यांसाठी तीन प्रत्यक्ष स्विच आहेत. पाइनफोनमध्ये मागचे झाकण काढल्यावर सहा बारीक स्विच दिसतात. यांचे काम निरोप देण्याचे नसून जोडणीच तोडण्याचे आहे. सॉफ्टवेअर कितीही बिघडलेले किंवा कोणी ताब्यात घेतलेले असो, त्याला तो मायक्रोफोन परत चालू करता येत नाही. नेमून देता येणारे बटण व्याख्येनेच सॉफ्टवेअरचे ऐकणारे असते, म्हणून ही हमी ते कधीही देऊ शकणार नाही.

ज्यांची दृष्टी किंवा हात साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी निवड याहून नाजूक आहे आणि सरधोपट नियम लावू नये. दृष्टी नसलेल्या व्यक्तीला स्विचची जागा बोटाने वाचता येते, हे उघड आहे. पण हाताला कंप असेल तर बारीक स्विच नखाने सरकवणे कठीण जाते आणि मोठे बटण दाबणे सोपे पडते. त्याच वेळी ‘धरून ठेवा’ ही अट कंप असलेल्या बोटाला छळते, कारण मध्येच दाब सुटतो. अशा वेळी सेटिंगमध्ये दाबाची मुदत बदलता येते का, हे फोन घेण्यापूर्वीच पाहावे. दुसऱ्या बाजूने, भिंग उघडणे किंवा समोरच्याचे बोलणे लिहून दाखवणे यांसारखे साहाय्यक काम एका बटणावर आणता येणे ही काहींसाठी दिवसभराची मोकळीक असते, आणि स्विचच्या प्रेमापोटी ती नाकारणे मला मान्य नाही. घरातील वयस्कर व्यक्तीला दूरवरून मदत करतानाचा एक अनुभव मात्र नोंदवतो. ‘कडेला नारिंगी रंग दिसतो आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळत असे. ‘वरच्या पट्टीत घंटेवर काट मारलेले चिन्ह आहे का?’ या प्रश्नाला उत्तर मिळायला चष्मा शोधावा लागतो.

आता प्रश्नकर्त्याच्या निवडीकडे येतो. दिवसातून अनेकदा फोन न पाहता गप्प करावा लागत असेल आणि तो गप्प आहे याची खात्री हवी असेल, म्हणजे रुग्णांकडे जाणे, शिकवणे, बैठका, ध्वनिमुद्रण अशी कामे असतील, तर स्लायडर असलेला फोन मिळेपर्यंत शोधावा. बाकीच्या गुणांत थोडे कमी-जास्त झाले तरी चालेल. फोन बहुतेक वेळ सायलेंटच राहत असेल, आणि असे लोक पुष्कळ आहेत, तर स्विच वर्षानुवर्षे एकाच जागी पडून राहतो. त्यांना बटणाचा लाभ खरोखर अधिक आहे आणि त्यांनी स्विचसाठी हळहळू नये.

बटणाचा फोन आधीच हातात असेल, जसा तो प्रश्नकर्त्याच्या हातात आहे, तर त्यावर सायलेंट ठेवू नका. त्यावर अशी कृती ठेवा जिचा परिणाम स्वतःच दिसतो किंवा ऐकू येतो आणि जी घाईत लागते. माझ्या अनुभवात टॉर्च आणि रेकॉर्डर या दोन कृती सर्वांत टिकतात. कॅमेऱ्यासाठी पॉवर बटण दोनदा दाबण्यासारखी वेगळी वाट बहुधा आधीच असते. एकदा निवडलेले काम निदान पंधरा दिवस बदलू नका, कारण हाताला ते पाठ व्हायला तेवढा अवधी लागतो, आणि दर आठवड्याला अर्थ बदलणारे बटण कधीच पाठ होत नाही. सकाळी एक काम आणि संध्याकाळी दुसरे, घरी एक आणि कामावर दुसरे, असे हुशार शॉर्टकट बांधण्याचा मोह होतो. मीही ते बांधून पाहिले आहेत. दोन-तीन दिवस मजा वाटते आणि मग हात नेमक्या नको त्या वेळी चुकतो, कारण बटणाचा अर्थ आता पुन्हा एका न दिसणाऱ्या अवस्थेवर टांगलेला असतो.

सायलेंटसाठी मग वेगळी सोय करावी लागते, आणि इथे एक उपाय मी मनापासून सुचवतो. पुष्कळ फोनमध्ये फोन पालथा ठेवला की तो शांत होतो अशी सेटिंग असते. गूगलच्या पिक्सेलवर २०१८ पासून ती आहे. पालथा पडलेला फोन हा एक मोठा, कोणालाही दिसणारा स्विच आहे. त्याची स्थिती टेबलापलीकडूनही कळते, आज्ञा निरपेक्ष आहे, आणि सुलटा केला की तो जागा होतो. खिशात हा उपाय चालत नाही. खिशासाठी आवाज कमी करण्याचे बटण तळाशी लागेपर्यंत दाबून धरण्याची सवय लावा. हे बटणच असले तरी त्याची आज्ञा उलट-सुलट होणारी नाही, एकाच दिशेने जाणारी आहे; आधी काहीही असले तरी ते खालीच जाते. मात्र आपल्या फोनवर कडेची बटणे वाजण्याचा आवाज बदलतात की फक्त गाण्याचा, आणि तळाला गेल्यावर फोन पूर्ण गप्प होतो, थरथरतो की हळू का होईना वाजतो, हे सेटिंगमध्ये पाहून घ्या आणि मग दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल लावून एकदा तपासा.